पाण्याखाली नेलेला आवाज

तापलेल्या एरंडेलाचा वास आला की आजही माझे पाऊल आपोआप सावरते. पायाखालची फळी आता हलणार, असे त्याला वाटते. आमच्या आगबोटीवर हा वास दोन ठिकाणांहून येई. इंजिनाच्या सांध्यांना एरंडेल घालीत, आणि माझ्या औषधांच्या पेटीतही एरंडेलाची बाटली असे. त्या दुपारी दोन्ही वास एकमेकांत मिसळून गेले होते. मी एका गरोदर बाईच्या पोटावर लाकडी नळी टेकवून, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून बसले होते. ऐकू येत होते ते एवढेच: फक्, फक्, फक्, फक्.

"काही लागतंय का?" डॉक्टर खांबेटे ओरडले. हातभर अंतरावर बसूनही ओरडावेच लागे.

"इंजिन," मी ओरडून उत्तर दिले.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "बाई, इंजिनाला दिवस गेलेले नाहीत!"

ही आगबोट म्हणजे ठाण्याच्या दवाखान्याची नाव. कल्याणच्या बंदरापासून ठाण्याच्या बंदरापर्यंत ती खाडीतून ये-जा करी. आगगाडी तेव्हाही होती, पण आगगाडी खारफुटीच्या आतल्या वस्त्यांना जात नाही, आणि अडलेल्या बाळंतिणीला तिसऱ्या वर्गाच्या फळीवर कोण बसवणार? म्हणून एक डॉक्टर, एक नर्स आणि औषधांची पेटी घेऊन ही नाव काठाकाठाने फिरे. जिला घरी सोडवणे शक्य नाही, तिला ठाण्याला आणी. मी तिच्यावरची नर्स होते. मुंबईच्या इस्पितळात शिकून आले होते. खाडीकाठची माणसे मला डाक्तरीणबाय म्हणत. मी डॉक्टर नाही, हे सांगून मी थकले, ती ऐकून थकली नाहीत.

नळीविषयी थोडे सांगायला हवे. ती तुतारीच्या आकाराची, वीतभर लांबीची, आतून पोकळ असते. रुंद तोंड आईच्या पोटावर, दुसऱ्या टोकाला आपला कान. पोटातल्या बाळाचे हृदय तिच्यातून ऐकू येते. ते आईच्या नाडीहून बरेच जलद चालते, म्हणून ऐकताना दुसऱ्या हाताने आईची नाडी धरायची; दोन्हींचा वेग वेगळा असला की समजायचे, ऐकू येते ते बाळच. नौपाड्यातल्या आमच्या घरी वडील मुलांना वृत्ते शिकवीत आणि मी दाराआडून मात्रा मोजायला शिकले होते. त्यामुळे तो ठोका मला पहिल्याच दिवशी ओळखू आला. एक लघु, एक गुरू, मग निमिषभर यती. पुन्हा लघु, पुन्हा गुरू. मी अनेक छंद ऐकले आहेत. याहून नाजूक ऐकलेला नाही.

या ठोक्यावर फार मोठा निर्णय अवलंबून असे. बाळंतीण अडली आणि बाळ जिवंत असेल, तर डॉक्टर थांबत, ठाण्याला पोहोचण्याची घाई करीत, चिमट्याने किंवा हाताने बाळ सोडवीत. बाळ पोटातच गेलेले असेल, तर थांबण्यात आईचाही जीव जाई. मग पेटीतले दुसरे हत्यार निघे. त्याचे वर्णन मी करणार नाही. बाळाचे तुकडे करून आई वाचवण्याचे ते हत्यार होते, एवढे पुरे.

आणि नेमका तोच ठोका नावेवर ऐकू येत नसे.

डॉक्टरांनी अब्बास मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री मूळचे रत्नागिरीकडचे, आयुष्य बॉयलरपाशी गेलेले. हातांना कोळशाचा रंग, दाढीला मेंदीचा. आपल्या इंजिनाविषयी कोणी वावगे बोललेले त्यांना खपत नसे.

"मिस्त्री, हे तुमचं इंजिन गप्प करा."

"गप्प? साहेब, बायको गप्प होईल, इंजिन नाही होणार."

"का नाही होणार?"

मिस्त्रींनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दांड्याला ढकलते, आणि काम संपले की बाहेर सुटते. या सुटणाऱ्या वाफेला एक्झॉस्ट म्हणतात. प्रत्येक धक्क्याला एक फटकारा. ही वाफ धुराड्यातून वर सोडतात. ती जाताना धुराड्यातली हवा ओढून नेते, त्यामुळे भट्टीला वारा लागतो आणि आग फुलते. म्हणजे तो फक्-फक् आवाज निव्वळ गोंगाट नव्हता. तो इंजिनाचा श्वास होता.

"तोंड दाबलं तर पोट फुगतं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "माणसाचंही आणि इंजिनाचंही."

तरीही ते कामाला लागले. पहिल्यांदा त्यांनी धुराड्याच्या बुडाला ओल्या गोणपाटाचे वेढे दिले. गोणपाट करपले, नावभर जळक्या तागाचा वास कोंदला, आवाज होता तेवढाच राहिला. मग लोखंडी पेटीत गोटे भरून वाफ त्या गोट्यांमधून फिरवली. आवाज निम्मा झाला, पण वाफेला वाट मिळेना. इंजिन दम्याच्या रोग्यासारखे धापा टाकू लागले आणि मुंब्र्याजवळच्या ओढीत नाव जागच्या जागी उभी राहिली. नाव हाकणारा तांडेल म्हणाला, "मिस्त्री, आता आपण उतरून ढकलायचं का?" मिस्त्री दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी एक्झॉस्टचा पाइप धुराड्यातून काढून नावेच्या तळाशेजारून नेला आणि मागच्या बाजूला पाण्याखाली सोडला. वाफ पाण्यात शिरताच विरून जाई. वर येत ते फक्त बुडबुडे. आता भट्टीला वारा मिळेना, म्हणून धुराडे उंच केले. उंच धुराडे ठाण्याच्या रेल्वेपुलाखालून जाईना, म्हणून त्याला बिजागरी बसवली. पूल आला की इंजिन मंद करायचे आणि धुराडे आडवे पाडायचे. या खटाटोपाने नाव बोलायची थांबली.

तो पहिला फेरा मी कधी विसरणार नाही. कल्याण सोडले आणि मला खाडी ऐकू आली. चिखलात खेकड्यांच्या बिळांचे टिचटिचणे, खारफुटीच्या मुळांतून उतरणारे पाणी, कुठे तरी मिठागरातल्या बायकांचे हसणे. मिस्त्री छाती काढून उभे होते.

"सांगा बाई, कोण बोलतंय आता?"

"कोणीच नाही, मिस्त्री."

"मग माशाल्ला म्हणा की!"

मी म्हटले. डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. त्या दिवसापासून नळी लावली की ठोके ऐकू येऊ लागले. स्वच्छ, जलद, आईच्या नाडीहून वेगळे. आम्ही दोघेही ऐकत असू आणि एकमेकांकडे पाहून मान हलवीत असू. मांडणी अशी होती की रोग्याची फळी नावेच्या कडेला पक्की ठोकलेली, आणि तिच्याखालून तो पाइप गेलेला. तिथे पाय उबेत राहत म्हणून बायकांनाही ती जागा आवडे.

पहिला धक्का कल्याणच्या एका शिंप्याच्या बायकोने दिला. तिच्या बाळाचे हृदय आम्ही नावेत वाटभर ऐकले होते. ठाण्याच्या वॉर्डात ते मृत जन्मले. असे होते, नर्सला त्याची सवय करून घ्यावी लागते. पण तिथल्या मुख्य नर्सने, मेट्रनने, मला बाजूला बोलावले आणि फडके दूर केले. बाळाच्या अंगावरची त्वचा पिकलेल्या फळाच्या सालीसारखी सुटत होती.

"हे बाळ कधी गेलं, असं तुला वाटतं?" तिने विचारले.

मला उत्तर माहीत होते. तशी त्वचा काही तासांत सुटत नाही. त्याला दिवस लागतात.

"पण मी काल संध्याकाळी ऐकलं," मी म्हणाले. "डॉक्टरांनीही ऐकलं."

मेट्रनने फडके पुन्हा ओढून घेतले. डॉक्टरांना ते पटले नाही. त्यांच्या मते त्वचा सुटण्याचे कारण निराळे होते, आणि बाळ गेले ते बंदरावरून डोलीतून आणताना बसलेल्या हिसक्याने. डोलीवाल्या दोघा भावांना त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढले. ते दोघे हात जोडून उभे होते आणि सांगत होते, "साहेब, पाण्याचा हंडा नेतो तसं नेलं हो." मी मान फिरवून पेटी आवरू लागले. माझ्या कानाने तर ठोके ऐकले होते.

त्यानंतर काही दिवसांनी ठाकुर्लीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी एका आगरी कुटुंबाने आम्हांला हात केला. सुनेचे नाव चांगुणा. आदल्या दिवसापासून ती कळा देत होती आणि आता कळाही थकल्या होत्या. डोळे खोल गेलेले, ओठांवर खारट पांढरी कड. याआधीची दोन्ही मुले तिच्या हाती लागली नव्हती. सासू बायजाबाय तिच्यासोबत चढली. सासू आधी माझ्याशी भांडली, मग नावेशी.

"ही नाव आवाज कशी करीत नाय गो? भुताची हाय काय?"

"नवीन पाइप बसवलाय, बायजाबाय."

"आनी ही लाकराची नली? हिला कळतं, आन सासूला नाय कळत?"

डॉक्टरांनी नळी लावली. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला. क्षणभर ऐकले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "उत्तम. बाळ जिवंत, डोकं खाली. ठाण्याला नेऊन चिमटा लावू." मीही ऐकले. ठोके होते. चांगुणाने डोळ्यांनीच विचारले आणि मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारून सांगितले, बाळ बरे आहे.

ओहोटीची धार जोरात होती. नाव झपाट्याने खाली चालली. मी नळी सोडली नाही. एक हात चांगुणाच्या मनगटावर, कान नळीला. तिची नाडी चढत होती, बारीक होत होती. पुढे रेल्वेचा पूल दिसू लागला. मिस्त्रींनी वर कुणाला तरी हाक दिली.

आणि नळीतला ठोका मंद होऊ लागला.

आधी थोडा. मग स्पष्ट. मग दोन ठोक्यांमधले अंतर इतके वाढले की मी श्वास धरून पुढच्याची वाट पाहू लागले.

"डॉक्टर! बाळ खचतंय!"

त्यांनी मला जवळजवळ ढकलून नळी घेतली. "चिमटा काढा. इथेच करू. पाणी उकळा." मी पेटीकडे वळले. वर धुराडे कण्हत आडवे झाले, पुलाच्या गाळ्याची गार सावली नावेवरून सरकली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "थांबा. सावरलं! बाळ सावरलं! पूर्वीसारखं चालू झालं!"

पुलाखालून आम्ही बाहेर आलो होतो. मिस्त्रींनी इंजिनाला वाफ पुन्हा सोडली होती.

मी तिथेच उभी राहिले. पेटीच्या कडीवरचा हात तसाच राहिला. माझ्या अनवाणी तळव्यांना फळीतून काहीतरी लागत होते. अगदी हलके, मांजराच्या गळ्यातल्या घरघरीएवढे. मी त्याच्या मात्रा मोजल्या. सगळे ठोके सारख्या वजनाचे. लघु नाही, गुरू नाही, यती नाही. नळीत मी इतके दिवस फक्त वेग मोजला होता. मी डॉक्टरांच्या हातून नळी घेतली, चांगुणाच्या पोटावरून उचलली आणि तिच्या शेजारच्या कोऱ्या फळीवर टेकवली. कान लावला.

फळीच्या आत बाळाचे हृदय चालले होते.

तेच. तेवढेच जलद, तेवढेच निरोगी. ज्यावर मान हलवून आम्ही बायकांना दिलासा दिला, ते हृदय सागाच्या लाकडात ठोके देत होते. आईची नाडी वगळायला आम्हांला शिकवले होते. नावेची नाडी वगळायला कोणी शिकवले नव्हते.

"डॉक्टर, इथे ऐका."

"फळीवर? बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुम्ही ऐका."

ते वाकले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आधी त्यावर चीड होती. मग काहीच नव्हते. त्यांनी नळी फळीवरून उचलली, थोडी पुढे टेकवली, पुन्हा उचलली, आणखी पुढे टेकवली. ते उभे राहिले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"शिंप्याची बायको," ते एवढेच म्हणाले.

मी धावत इंजिनापाशी गेले. "मिस्त्री, इंजिन बंद करा!"

"इथं? अहो, ओहोटीची धार आहे! बंदराच्या दगडी धक्क्यावर नेऊन आपटेल!"

"नांगर टाका. पण बंद करा. मंद नको, अगदी बंद!"

"इंजिनाचा आवाज तरी आहे का, बाई? एवढं गप्प केलं, तुमचंच ऐकून!"

"मिस्त्री, बाळाच्या जागी तुमचं इंजिन ऐकू येतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग व्हॉल्व्हचे चाक फिरवले. तांडेलाने नांगर टाकला, साखळी खडखडत गेली, नावेने एक हिसका खाल्ला आणि ती धारेत तोंड करून उभी राहिली. तळव्यांखालची घरघर विझली.

इतकी शांतता मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. डॉक्टरांनी नळी पहिल्या जागी लावली. बेंबीखाली, डावीकडे. काही नाही. उजवीकडे. काही नाही. मध्ये. काही नाही. बायजाबाय, जी चढल्यापासून एक क्षण गप्प बसली नव्हती, ती आता तोंडाला पदर लावून आमच्या तोंडांकडे पाहत होती. चांगुणाने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी नळी माझ्या हाती दिली आणि पेटीतले ते दुसरे हत्यार काढले.

"आई तरी वाचू दे," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"मला एकदा ऐकू द्या."

"वेळ नाही, बाई. तिची नाडी पाहा."

"एकदाच."

सगळे जिथे ऐकतात तिथे ते ऐकून झाले होते. मी नळी बेंबीच्या वर नेली, उजव्या बरगडीकडे. प्रथम माझ्याच कानातले रक्त ऐकू आले. मग त्याच्या पलीकडे, फार दूर, एखाद्याने बंद दारावर नखाने टकटक करावी तसे काहीतरी. मी चांगुणाचे मनगट घट्ट धरले. तिची नाडी वेगळी होती. माझे तळवे फळीवर निश्चल होते. लघु. गुरू. यती. लघु. गुरू.

"आहे," मी म्हणाले. "वर आहे."

"वर?" डॉक्टर गुडघ्यांवर बसले. त्यांनी ऐकले. दोन्ही हातांनी पोट चाचपले, जे त्यांनी मघाशी, नळीवर विसंबून, केलेच नव्हते. "डोकं वर आहे! हे बाळ पायांकडून येतंय. म्हणून अडलंय." हत्यार त्यांनी पेटीत टाकले, इतक्या जोराने की पेटीतल्या बाटल्या किणकिणल्या. डोके खाली समजून त्यांनी चिमटा लावला असता तर काय झाले असते, हे आम्ही दोघांनी त्या वेळी मनातही आणले नाही.

पुढचे काम हाताचे होते. डॉक्टरांनी आत हात घालून एक पाय खाली आणला. मी वरून पोट दाबून धरले. चांगुणाच्या अंगात ओरडण्याचेही बळ उरले नव्हते. तिची नखे माझ्या दंडात रुतली, तेच तिचे ओरडणे. मुलगी जन्मली ती जांभळी, ओल्या फडक्यासारखी लोंबती. डॉक्टरांनी तिला पायांना धरून उलटी केली, पाठ चोळली, तोंडातला चिकटा बोटाने काढला. नंतर मी तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. एकदा. पुन्हा. तिच्या छातीने माझ्या बोटांखाली उसळी घेतली, आणि तिने जो टाहो फोडला तो मिस्त्रींच्या जुन्या एक्झॉस्टलाही लाजवील असा होता.

बायजाबाय पदर सोडून टाळ्या पिटू लागली. "पायालू! पोर पायालू जन्मली! आता माझ्या कमरेला लाथ मारील, माझी कंबर बरी व्हईल!"

"आधी तिला दूध पाजा," डॉक्टर म्हणाले. "लाथा मग." आणि ते नावेच्या कडेला जाऊन, पाठमोरे, हात धुऊ लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे सगळी हकिकत सांगितली, स्वतःची बाजू न सावरता. मग ते चालत डोलीवाल्या भावांच्या घरी गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. दोघे भाऊ त्या आठवड्यात कामावर परत आले, एवढे मी पाहिले. शिंप्याच्या घरी डॉक्टर आणि मी दोघेही गेलो. मधल्या काळात आम्ही ऐकलेली किती हृदये खरी होती आणि किती लाकडाची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. या प्रश्नाने मला अजूनही जाग येते.

एक्झॉस्टचा पाइप पुन्हा धुराड्यात गेला. नाव पूर्वीसारखी फक्-फक् करू लागली. मिस्त्रींनी तो बदल स्वतःच्या हाताने केला. माझी समजूत एवढीच झाली: मोठा आवाज आपल्याला बहिरे करतो, आणि आपण बहिरे आहोत हे कळते तरी. गप्प केलेले यंत्र बोलायचे थांबत नाही. ते हळू बोलते, आणि आपल्याला हवे ते ऐकवते. म्हणून नियम केला. नळी लावायची तर नाव नांगरलेली हवी आणि वाफ बंद हवी. ओहोटी असो, उशीर असो.

हा नियम मिस्त्री पाळतील की नाही, याची मला शंका होती. धारेत नाव उभी करणे त्यांच्या जिवावर येई. त्यानंतरच्या पहिल्याच फेऱ्यात डोंबिवलीच्या काठावर एक गरोदर बाई चढली. मी पेटी उघडत होते. काही सांगण्यापूर्वीच साखळी खडखडली, इंजिनाचा शेवटचा फटकारा विरला, आणि अब्बास मिस्त्री हात पुशीत आमच्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या, तळवे फळीवर टेकवले, डोळे मिटून काही क्षण अंदाज घेतला. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ऐका."